संगणक-शंकासमाधान : युनिक्सचे यंत्र आणि कार्यालयाचे नेटवर्क

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची निघाली. कार्यालयातल्या चार-सहा विंडोज संगणकांच्या जोडीला युनिक्सवर (विंडोजप्रमाणेच संगणक चालवणाऱ्या एका प्रणालीवर) चालणारे एखादे यंत्र आणून बसवले आहे, पण ते बाकीच्यांशी नीट बोलत नाही, अशी ही तक्रार आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे आमच्या छपाईच्या पद्धतीप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष यंत्रावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकित करावीत. युनिक्स लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद करते, हे विसरू नये.

प्रश्न : आमचे गिरगावात मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. विंडोजचे सहा संगणक, एक प्रिंटर आणि इंटरनेट पुरवणाऱ्याने बसवलेला राउटर, एवढाच आमचा पसारा आहे. सर्वांच्या फाइली एका जागी राहाव्यात म्हणून माझ्या भाच्याने एका जुन्या संगणकावर फ्रीबीएसडी (युनिक्सचा एक प्रकार) घालून दिले आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला. सुरुवातीला सर्व ठीक होते, पण अधूनमधून, बहुधा सोमवारी, इतर संगणकांना ते यंत्र सापडेनासे होई. म्हणून एका परिचितांच्या सांगण्यावरून मी त्याला १९२.१६८.१.१०५ हा कायमचा पत्ता दिला. आता दुखणे बदलले आहे. यंत्र कधी सापडते, कधी काम चालू असतानाच तुटते, आणि त्या यंत्रावरून इंटरनेट तर मुळीच चालत नाही. परिचित म्हणतात, युनिक्स काढा आणि विंडोज घाला. काय करावे? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : युनिक्स काढू नका. आपल्या पत्रात तीन निरनिराळे दोष एकमेकांत मिसळले आहेत आणि तिन्ही पत्त्यांच्या व्यवस्थेतले आहेत. ज्या टीसीपी/आयपी नियमांनी आज प्रत्येक कार्यालयाचे नेटवर्क चालते, ते १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर सर्वदूर गेले, आणि आपल्या यंत्रावरील फ्रीबीएसडी ही त्याच घराण्यातली आहे. तिची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये निघाली. नेटवर्कच्या घरात युनिक्सला परके समजण्याचे कारण नाही. फरक एवढाच की विंडोज जे परस्पर ठरवून टाकते, ते युनिक्सला आपण लिहून द्यावे लागते, आणि आपण अर्धेच लिहून दिले आहे.

प्रथम सोमवारचे कोडे पाहू. भाच्याने यंत्र डीएचसीपीवर ठेवले होते, म्हणजे पत्ता देण्याचे काम राउटरकडे सोपवले होते. राउटर पत्ता कायमचा देत नाही, तो मुदतीने देतो. ही मुदत अनेक राउटरांत एक दिवसाची असते आणि यंत्र चालू असेल तर अर्धी मुदत उलटताच ते तिचे नूतनीकरण मागून घेते. शनिवारी दुपारी यंत्र बंद करून आपण घरी गेलात की रविवारी मुदत संपते. सोमवारी सकाळी आपल्याआधी कोणाचा मोबाइल किंवा लॅपटॉप राउटरला भेटला, तर जुना पत्ता त्याच्या पदरात पडू शकतो. वीज जाऊन आल्यावर दिलेल्या पत्त्यांची नोंदच विसरणारे राउटरही पुष्कळ आहेत. यंत्र चालूच असते, पण बाकीचे सहा संगणक जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत राहतात.

कायमचा पत्ता देण्याचा आपल्या परिचितांचा सल्ला योग्यच होता. निवडलेला आकडा मात्र चुकला. राउटर जे पत्ते वाटतो, त्यांचा एक पट्टा ठरलेला असतो. पुष्कळ राउटरांत तो १०० पासून पुढे सुरू होतो, आणि आपला १०५ बहुधा त्याच पट्ट्यात पडतो. आपले यंत्र स्वतःला १०५ म्हणवते, पण राउटरला त्याची खबर नसते. काही राउटर पत्ता देण्यापूर्वी तो वापरात आहे का हे विचारून पाहतात, तथापि आपले यंत्र त्या वेळी बंद असेल तर उत्तर कोण देणार? मग तोच १०५ एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला मिळतो, आपण यंत्र चालू करता आणि एकाच पत्त्यावर दोघे राहू लागतात. अशा वेळी फ्रीबीएसडी मूग गिळून बसत नाही. अमुक हार्डवेअर पत्त्याचे (म्हणजे नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकाचे) यंत्र माझा आयपी पत्ता वापरत आहे, अशी सूचना ती पडद्यावर आणि व्हार डिरेक्टरीतील लॉग या उपडिरेक्टरीत असलेल्या ‘मेसेजेस’ या फाइलीत लिहून ठेवते. ती फाइल आपण एकदा वाचावीच. माझा अंदाज आहे की ही ओळ तेथे आपल्याला अनेकदा सापडेल.

आता उपाय. ब्राउझरमध्ये राउटरच्या मांडणीच्या पानावर जाऊन डीएचसीपीचा पट्टा कोठून कोठपर्यंत आहे ते पाहावे आणि त्याच्या बाहेरचा पत्ता निवडावा. पट्टा १०० ते १९९ असेल तर आपल्या यंत्राला १९२.१६८.१.२० द्यावा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या ठरावानुसार खासगी नेटवर्कांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे ते वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाही. राउटरमध्येच आपल्या यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यापुढे २० हा आकडा राखून ठेवण्याचीही सोय असते आणि काही जाणकार तीच पसंत करतात. मी मात्र फाइली सांभाळणाऱ्या यंत्राचा पत्ता यंत्रातच लिहावा या मताचा आहे. आपल्याकडे इंटरनेट पुरवणारा माणूस राउटर बिघडला की दुसऱ्या दिवशी नवा बसवून जातो आणि जुन्या राउटरमधील राखीव नोंदी त्याच्याबरोबर भंगारात जातात. अर्थात नवा राउटर १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० या मालिकेतला निघाला, तर यंत्रात लिहिलेला पत्ताही निरुपयोगी ठरतो. म्हणून त्या माणसाला जिन्यावरून खाली उतरू देण्यापूर्वी मालिका पूर्वीचीच ठेवून घ्यावी.

यंत्रात बदल करावयाची फाइल ईटीसी डिरेक्टरीतील ‘आरसी डॉट कॉन्फ’ ही होय. हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत करून ठेवावी. पुढे नेटवर्क कार्डाचे नाव हवे. ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की यंत्रातील सर्व जोडण्यांची यादी येते. लिनक्सवर पूर्वी सर्रास ‘ईटीएच०’ हेच नाव दिसे. फ्रीबीएसडीत मात्र नाव कार्डाच्या चालक-प्रणालीवरून (ड्रायव्हरवरून) पडते. रिअलटेकचे कार्ड ‘आरई०’ असते, इंटेलचे ‘ईएम०’ किंवा ‘आयजीबी०’ आणि ब्रॉडकॉमचे ‘बीजीई०’. याच यादीत ‘एलओ०’ ही एक जोडणी दिसेल. १२७.०.०.१ हा तिचा पत्ता म्हणजे यंत्राने स्वतःशीच बोलण्याचा मार्ग आहे, त्याला धक्का लावू नये.

आपले कार्ड आरई० आहे असे धरू. मग आरसी डॉट कॉन्फमध्ये ‘आयएफकॉन्फिग_आरई०’ या नावापुढे बरोबरचिन्ह देऊन दुहेरी अवतरणात ‘इनेट १९२.१६८.१.२० नेटमास्क २५५.२५५.२५५.०’ एवढे लिहावे. पुढच्या ओळीत ‘डिफॉल्टराउटर’ या नावापुढे तसेच राउटरचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.१ लिहावा. या फाइलीत ‘डीएचसीपी’ असे मूल्य असलेली जुनी ओळ शिल्लक राहिली असेल तर ती काढावी. बरोबरचिन्हाच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडू नये. ही फाइल म्हणजे आज्ञांची एक यादीच असते आणि यंत्र सुरू होताना ती अक्षरशः वाचली जाते. बंद करायचे राहिलेले एक अवतरणचिन्हही यंत्राला अर्ध्या वाटेत थांबवू शकते. हा धोका नको असेल तर ‘सिसआरसी’ ही आज्ञा वापरावी. ती ओळ आपल्यासाठी नीट लिहून देते.

तिसरा दोष इंटरनेटचा आहे. आपल्या यंत्रावरून ‘पिंग ८.८.८.८’ केले, म्हणजे इंटरनेटवरच्या एका आकडी पत्त्याला हाक मारली, तर उत्तर येईल आणि एखाद्या संकेतस्थळाचे नाव घेऊन पिंग केले तर येणार नाही, असे मला वाटते. तसे झाले तर वाट मोकळी आहे, फक्त नावाचा पत्ता सांगणारे कोणी नाही. डीएचसीपी चालू असताना ही माहितीही राउटरकडून येत होती. आपण डीएचसीपी सोडले तेव्हा तीही सुटली. ईटीसी डिरेक्टरीतील ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत ‘नेमसर्व्हर १९२.१६८.१.१’ अशी एक ओळ लिहावी. अशा ओळी जास्तीत जास्त तीनच विचारात घेतल्या जातात, म्हणून पाच-सहा लिहून काही साधत नाही. पिंगचेही उत्तर येत नसेल, तर डिफॉल्टराउटरची ओळच राहून गेली आहे.

हे सर्व लिहून झाल्यावर ‘सर्व्हिस नेटिफ रीस्टार्ट’ आणि लगेच ‘सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट’ अशा दोन आज्ञा द्याव्यात. दुसरी विसरली तर पत्ता नवा लागतो, पण राउटरकडे जाणारी वाट पुसली जाते, आणि आत्ताच चालणारे इंटरनेट बंद कसे पडले या विचारात एक दुपार जाते. हे काम त्या यंत्रासमोर बसूनच करावे. दुसऱ्या संगणकावरून शिरून केले, तर ज्या फांदीवर बसला आहात तीच तोडाल.

तपासणी मात्र खालून वर करावी, कारण निम्मा गोंधळ पायऱ्या गाळल्यामुळे होतो. आयएफकॉन्फिगच्या यादीत कार्डापुढे ‘स्टेटस’ या शब्दानंतर ‘ॲक्टिव्ह’ दिसले पाहिजे. ‘नो कॅरिअर’ दिसले तर तारेचा, जॅकचा किंवा स्विचचा दोष आहे, तेथे पत्ते बदलत बसणे व्यर्थ होय. त्यानंतर राउटरला पिंग करावे, मग बाहेरच्या आकड्याला आणि सर्वांत शेवटी नावाला. विंडोजवर पिंग चार वेळा हाक मारून थांबतो, युनिक्सवर तो कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच राहतो, त्यामुळे यंत्र अडकले असे समजू नये. ‘नेटस्टॅट वजा आरएन’ या आज्ञेच्या उत्तरात ‘डिफॉल्ट’ या शब्दापुढे राउटरचा पत्ता आहे ना, तेही पाहून घ्यावे. सहाही विंडोज संगणक पिंगला उत्तर देतीलच असे नाही, कारण विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगकडे दुर्लक्ष करते. अशा वेळी पिंग केल्यानंतर लगेच ‘एआरपी वजा ए’ ही आज्ञा द्यावी. त्या यादीत संगणकाचा हार्डवेअर पत्ता उमटला असेल, तर तो तारेच्या दुसऱ्या टोकाला हजर आहे आणि फक्त गप्प बसला आहे.

एक वही मात्र घालावी. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, कोणत्या तारखेला आणि कोणी दिला, हे तीत लिहावे आणि ती वही राउटरजवळच ठेवावी. भाचे पुण्याला जातात, वही जात नाही.

प्रश्न : दादरच्या आमच्या कार्यालयात पुढच्या खोलीतील संगणकांना युनिक्सचे यंत्र दिसते, मागच्या खोलीतील संगणकांना दिसत नाही. इंटरनेट दोन्ही खोल्यांत उत्तम चालते. मागच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नव्हते म्हणून गेल्या वर्षी तेथे दुसरा राउटर बसवला आहे. (एक वाचक, दादर)

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. दुसरा राउटर बसवणाऱ्याने पुढच्या खोलीतून आलेली तार त्याच्या ‘वॅन’ खाचेत (इंटरनेटच्या तारेसाठी असलेल्या) घातली असणार. तसे केले की तो राउटर आपल्यामागे एक स्वतंत्र नेटवर्क उभारतो, आणि आपल्या कार्यालयात नकळत दोन नेटवर्के झाली आहेत. मागच्या खोलीतील एखाद्या संगणकाचा पत्ता पाहा, पुढे १९२.१६८.१ असेल तर मागे बहुधा १९२.१६८.० निघेल. इंटरनेट दोन्हीकडे चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. ती तार वॅनमधून काढून ‘लॅन’ असे लिहिलेल्या कोणत्याही खाचेत घालावी. पण त्याआधी त्या राउटरमधील डीएचसीपी बंद करावे आणि त्याला पहिल्या राउटरच्या मालिकेतील एक मोकळा पत्ता द्यावा. हा क्रम उलटा झाला तर एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघे होतील आणि आज अर्ध्या खोलीपुरते असलेले दुखणे सर्व कार्यालयाला लागेल. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असतील तर त्यांनाही ते यंत्र दिसणार नाही. ते मात्र योग्यच आहे.

प्रश्न : आमच्याकडे राउटर, स्विच आणि संगणक सर्व गिगाबिटचे आहेत, तरी युनिक्सच्या यंत्रावर मोठ्या फाइली चढवताना फार वेळ लागतो. पावसाळ्यात तर जोडणी मध्येच तुटते. तार बसवणाऱ्याने परीक्षक (टेस्टर) लावून आठही दिवे लागल्याचे दाखवले. (एक वाचक, परळ)

उत्तर : आयएफकॉन्फिगच्या यादीतील ‘मीडिया’ या शब्दापुढचा आकडा आधी वाचावा. तेथे १००० ऐवजी १०० दिसला तर दोष बहुतेक तारेतच आहे. शंभर मेगाबिटला आठांपैकी चारच तारा पुरतात, जॅकमधील १, २, ३ आणि ६ क्रमांकांच्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. उरलेल्या चारांपैकी एक तार जरी तुटली, तरी यंत्रे खालच्या वेगावर उतरून काम चालू ठेवू शकतात आणि मालकाला पत्ता लागत नाही.

आठ दिवे लागले यावर जाऊ नये, हे मला जरा ठासून सांगावेसे वाटते. तो परीक्षक एवढेच सांगतो की या टोकाची पहिली तार त्या टोकाच्या पहिल्या तारेला मिळाली आहे. पिळलेल्या जोड्या सांभाळल्या आहेत का, हे त्याला कळत नाही. केबलमधील तारा हौसेने पिळलेल्या नसतात. एका जोडीतील दोन तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा होतो. म्हणून ३ आणि ६ या क्रमांकांवर एकाच जोडीतील तारा यायला हव्यात. घाईत काम करणारा माणूस रंगांच्या जोड्या सरळ १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा लावून मोकळा होतो. दिवे आठही लागतात, पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांतल्या असतात आणि त्यांचा आवाज एकमेकींत मिसळतो. रूढ क्रम असा आहे : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आपले जॅक पारदर्शक असतात, डोळ्यांनी पाहून घ्यावे.

पावसाळ्याबद्दल बोलायचे तर आपल्या शहरातील दमट, खारट हवेने जॅकमधील पत्र्या काळवंडतात, आणि तार खिडकीच्या गजांवरून बाहेरून फिरवली असेल तर वरच्या आवरणाला पडलेल्या चिरेतून पाणी आत झिरपते. तार विकत घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का हे विचारावे. वरून तांबे आणि आतून ॲल्युमिनियम अशी तार स्वस्त मिळते, पण ती वाकवली की लवकर तुटते आणि तिचा रोधही अधिक असतो. टोक चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात दोन्ही प्रकार एकाच फळीवर असतात, तेव्हा दुकानदारासमोरच खरवडून पाहण्यास संकोच करू नये. विजेच्या तारेबरोबर एकाच पट्टीतून ती नेऊ नये आणि एका ओळीची एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी.

तार निर्दोष निघाली आणि तरीही जोडणी तुटत राहिली, तर मेसेजेस फाइलीत ‘वॉचडॉग टाइमआउट’ हे शब्द शोधावेत. रिअलटेकच्या काही कार्डांशी फ्रीबीएसडीच्या मूळ चालक-प्रणालीचे जमत नाही. त्यासाठी पॅकेजांच्या संग्रहात कार्ड-निर्मात्याची वेगळी चालक-प्रणाली ठेवलेली आहे. ती घालावी किंवा एक जुने इंटेलचे कार्ड बसवावे. मी दुसरा मार्ग निवडतो.

प्रश्न : सांबा (युनिक्सवरील फाइली विंडोजला दाखवणारे सॉफ्टवेअर) घातले, वापरकर्ते तयार केले, पण विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत आमचे यंत्र उमटत नाही, आणि पत्ता देऊन गेलो तर पासवर्ड चुकीचा आहे असे सांगते. तोच पासवर्ड यंत्रासमोर बसून दिला तर चालतो. एकाने ‘एसएमबी१ चालू करा’ असे सुचवले आहे. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : एसएमबी१, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याची विंडोजची जुनी पद्धत, चालू करू नये. २०१७ च्या मे महिन्यात जगभर ज्या वॉनाक्राय विषाणूने संगणक ओलीस धरले, तो याच जुन्या पद्धतीतील छिद्रातून पसरला होता. त्याच वर्षाच्या अखेरच्या सुमारास आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवलेली असते, आणि सांबानेही २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून तेच केले.

शेजारची यंत्रे आपोआप दाखवण्याची जुनी सोय तिच्याबरोबर गेली, म्हणून आपले यंत्र खिडकीत दिसत नाही. त्याने काम अडत नाही. एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे यंत्राचा पत्ता लिहावा आणि उघडलेल्या फोल्डरला एखादे ड्राइव्ह-अक्षर कायमचे जोडून टाकावे. खिडकीत दिसलेच पाहिजे असा आग्रह असेल तर ‘डब्ल्यूएसडीडी’ हे छोटे पॅकेज ते काम करते.

पासवर्डचे कारण वेगळे आहे. युनिक्स आपला पासवर्ड एका पद्धतीने कुटून ठेवते आणि विंडोज दुसऱ्याच पद्धतीने कुटलेला मागते. कुटलेल्या पिठातून पुन्हा दाणे काढता येत नाहीत, म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही. सांबाला पासवर्डाची स्वतःची वेगळी नोंद लागते. रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकारात ‘एसएमबीपासडब्ल्यूडी वजा ए’ आणि पुढे वापरकर्त्याचे नाव अशी आज्ञा प्रत्येकासाठी एकदा द्यावी. पुढे कोणी पासवर्ड बदलला तर तो दोन्हीकडे बदलावा लागेल, हेही सर्वांना सांगून ठेवावे. मांडणीची फाइल बदलल्यावर ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा तिच्यातील चुका दाखवते.

प्रश्न : युनिक्सच्या यंत्रात दुसऱ्या संगणकावरून टेलनेटने शिरावे की एसएसएचने? शिवाय घड्याळ साडेपाच तास पुढे धावते. (एक वाचक, माझगाव)

उत्तर : एसएसएचने. टेलनेटमध्ये आपला पासवर्ड तारेवरून उघडा जातो आणि त्याच नेटवर्कवरील कोणीही तो वाचू शकतो. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने (व्हीएसएनएलने) इंटरनेट खुले केले, त्यानंतरच्या वर्षांत स्वस्तातले, नुसत्या टंकित आज्ञांवर चालणारे ‘शेल’ खाते घेऊन आमच्यासारख्यांनी युनिक्सचे पहिले दर्शन घेतले ते अशाच उघड्या जोडणीवरून. पण तेव्हाची भाबडी सवय आज परवडणारी नाही. एसएसएच त्याच वर्षी फिनलंडमध्ये तयार झाले. फ्रीबीएसडी रूट या नावाने थेट शिरू देत नाही, तो नियम शिथिल करू नये. स्वतःच्या नावाने शिरून ‘एसयू’ आज्ञेने अधिकार घ्यावा. त्यासाठी आपले नाव ‘व्हील’ या गटात असावे लागते.

घड्याळाचे म्हणाल, तर मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते आणि युनिक्स ती ग्रीनिचची समजते. सकाळी दहा वाजता ते दुपारचे साडेतीन दाखवते, ते त्यामुळेच. ‘टीझेडसेटअप’ ही आज्ञा द्यावी, पहिल्या प्रश्नाला यंत्राचे घड्याळ ग्रीनिचवर नाही असे उत्तर द्यावे आणि आशिया विभागात भारत निवडावा. क्षेत्राचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असेच दिसेल. मुंबईचे नाव शोधू नये, मुंबईची स्वतंत्र वेळ १९५५ सालीच संपली.

प्रश्न : मराठी नावांच्या फाइली युनिक्सच्या यंत्रावर चढवताना काही चढतात, काही ‘नाव फार लांब आहे’ म्हणून परत येतात. त्या यंत्रावरच नाव दिलेल्या काही फाइली विंडोजवर भलत्याच रोमन अक्षरांत दिसतात. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : हा प्रश्न मराठी कार्यालयालाच पडू शकतो, म्हणून तो मुद्दाम राखून ठेवला. विंडोज नावातील अक्षरचिन्हे मोजते आणि २५५ पर्यंत चालवून घेते. युनिक्स बाइट मोजते, आणि मर्यादा तीच २५५ आहे. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून आपल्या वाट्याला ८५ चिन्हेच येतात. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सर्व स्वतंत्र मोजले जातात. ‘मुंबई’ या शब्दाला पाच चिन्हे म्हणजे १५ बाइट लागतात. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एकच अक्षर, पण त्यात सहा चिन्हे आणि १८ बाइट असतात. ‘दिवाळी अंक जाहिरात दुसरे मुद्रित दुरुस्त्यांसह अंतिम’ अशा थाटाची नावे देण्याची आपल्या व्यवसायात रीत आहे, आणि त्यात तारीख व ग्राहकाचे नाव जोडले की मर्यादा ओलांडली जाते. तारीख आणि ग्राहक फोल्डरच्या नावात घालावेत, कारण मर्यादा प्रत्येक नावाला स्वतंत्र असते.

भलत्या अक्षरांचा उलगडा मात्र मजेदार आहे. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ हे शब्द लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची कळ दाबणारे आपल्यात पुष्कळ आहेत. छापून आल्यावर फरक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. युनिक्सला नावातील अपूर्णविराम चालतो. विंडोजला तो निषिद्ध आहे, तसेच प्रश्नचिन्हही. म्हणून सांबा अशा फाइलीला विंडोजपुढे एक तात्पुरते, छोटे रोमन नाव देऊन उभे करते. फाइल शाबूत असते. तिचे नाव युनिक्सच्या यंत्रावरच खऱ्या विसर्गाने दुरुस्त करावे. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून वजाच्या कळीवर मिळतो.